सहार ते उलवे : चोवीस किलोमीटरची गोष्ट

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन सवडीने वाचा.

गेल्या महिन्यात आमच्या सेक्टरमधल्या एका वहिनींचा फोन आला. आवाज रडवेला. त्यांचा भाचा नागपूरहून आपल्या नव्या विमानतळावर उतरला होता आणि त्याच रात्री त्याला सहारवरून मस्कतचं विमान पकडायचं होतं. पोरगा तिथे नोकरीवर रुजू होणार होता. तिकिटं दोन वेगवेगळी काढलेली. दोन्ही तिकिटांवर शहर एकच लिहिलेलं, मुंबई. मध्ये चार तासांचं अंतर. पोराला वाटलं, चार तास म्हणजे भरपूर. मोबाईलवर नकाशा उघडला तर दोन विमानतळ बोटाच्या पेराएवढे जवळ. चार वाजून दहा मिनिटांनी उतरला. बॅग हातात येईपर्यंत पावणेपाच. टॅक्सीत बसायला पाच. मग वाशीचा पूल, मग चेंबूर, मग कुर्ल्याची गर्दी. सहारच्या काचेच्या दारात पोचला तेव्हा सव्वासात वाजले होते. विमान आठ पाचचं, पण काउंटर सात पाचला बंद झालं होतं. विमान समोर उभं आणि हा बाहेर.

वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पत्रकार, तुम्हीच सांगा, दोन विमानतळांत अंतर तरी किती आहे?"

मी पटकन बोलून गेलो, "सरळ रेषेत धराल तर चोवीस किलोमीटर."

फोन ठेवल्यावर माझंच मला हसू आलं, आणि थोडी लाजही वाटली. सरळ रेषेत! त्या बिचाऱ्या पोराला सरळ रेषेचा काय उपयोग? तेव्हापासून हा विषय डोक्यात होता. वीस वर्षं पनवेल-उरणच्या बातम्या करतोय, विमानतळावर शेकडो बातम्या लिहिल्या, पण 'अंतर' या साध्या शब्दाचा नीट विचार केला नव्हता. म्हणून ही पोस्ट.

आधी थोडं गणित. दोन विमानतळांमधलं हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेली सगळ्यांत जवळची रेषा. घरातला पृथ्वीगोल घ्या, दोन गावांवर दोरा ताणून धरा, तो दोरा म्हणजे हवाई अंतर. वैमानिक ते किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. हे अंतर कधी बदलत नाही. सरकार बदललं, कंपनी बदलली, पाऊस पडला, तरी दोरा तेवढाच.

वेळेचं मात्र तसं नाही. नागपूर ते आपला विमानतळ हे हवाई अंतर साधारण ६७० किलोमीटर. जेट विमान वरती ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे पन्नास मिनिटांत यायला पाहिजे. तिकिटावर मात्र दीड तासाच्या आसपास लिहिलेलं असतं. का? कारण तिकिटावरची वेळ ही उडण्याची वेळ नसतेच. विमान आपल्या जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि दुसरीकडे जागेवर उभं राहिलं की थांबतं. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं आलं, रांगेत थांबणं आलं, चढण आली, उतरण आली, वाऱ्याची दिशा आली आणि खाली जागा नसेल तर आकाशात घिरट्या घालणंही आलं. मुंबईच्या आकाशात घिरट्या घातलेल्या नाहीत असा प्रवासी शोधून सापडायचा नाही.

थोडक्यात, अंतर भूगोल ठरवतो आणि वेळ व्यवस्था ठरवते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता जरा मागे जाऊ. १९३२ सालात.

लंडनहून हिंदुस्थानात येणारी हवाई टपाल तेव्हा कराचीपर्यंत यायची. इम्पिरियल एअरवेज ही ब्रिटिश कंपनी १९२९ पासून ती आणत होती. कराचीत विमान आलं की पुढे रेल्वे. म्हणजे लंडन ते कराची हवेतून आणि कराची ते मुंबई रुळावरून रखडत. हा शेवटचा तुकडा हवेतून जोडायचा असं टाटांनी ठरवलं. १५ ऑक्टोबर १९३२ ला सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. टाटांनी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ नावाचं एका इंजिनाचं चिमुकलं विमान उडवलं. सोबत कोणी नाही, फक्त टपालाच्या थैल्या. रेडिओ नाही. खाली दिसणारा किनारा, नदी, रेल्वेचे रूळ बघायचे आणि मांडीवरच्या नकाशाशी जुळवायचे.

कराची ते मुंबई सरळ दोरा धरला तर साधारण ८८० किलोमीटर होतात. पण त्या विमानाला एवढा पल्ला एका दमात जमणारा नव्हता. म्हणून अहमदाबादला उतरून पेट्रोल भरायचं. कराची-अहमदाबाद सुमारे ५९० आणि अहमदाबाद-मुंबई सुमारे ४४०, असे मिळून हजाराच्या वर किलोमीटर झाले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते म्हणतात. आकाशातला सगळ्यांत नवा वाहनप्रकार आणि त्याला इंधन पुरवणारा जमिनीवरचा सगळ्यांत जुना! दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरलं. सव्वासात तास लागले. तिथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेली ती त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. हिंदुस्थानच्या नागरी विमानसेवेची सुरुवात या फेरीपासून धरतात. तिचीच पुढे एअर इंडिया झाली.

जुहूचं मैदान १९२८ मध्ये सुरू झालेलं. मैदान म्हणजे काय, समुद्रकाठची चिखलाची सपाटी. पावसाळ्यात तिथे पाणी भरायचं. मग टाटांची सगळी विमानसेवा पावसाळ्यापुरती पुण्याला हलायची. आज आपल्याला वाटतं, पावसात विमानं उशिरा हे हल्लीचंच दुखणं आहे. तेव्हा तर अख्खा विमानतळच चार महिने गावाला जायचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जुहूच्या जवळच, सांताक्रूझला, मोठी धावपट्टी झाली. युद्ध संपल्यावर ती नागरी विमानांना मिळाली. जून १९४८ मध्ये एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं, तेव्हा लंडन एक-दोन दिवसांच्या टप्प्यात आलं. आज तोच दोरा नऊ-दहा तासांत पार होतो.

आता इथे एक गंमत आहे. जुहू आणि सांताक्रूझ हे दोन विमानतळ एकमेकांपासून जेमतेम साडेतीन किलोमीटरवर. आणि ही जवळीक नडली. १९५३ च्या जुलैमध्ये एका ब्रिटिश कंपनीचं कॉमेट हे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. छोटी धावपट्टी, मोठं विमान. माणसं वाचली. काही दिवसांनी विमान कसंबसं तिथून बाहेर काढलं. बरं, यातून शहाणपण आलं असेल म्हणावं, तर २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ हे भलंमोठं विमान पुन्हा तसंच जुहूला उतरलं आणि धावपट्टी संपून पुढे जाऊन थांबलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही. जुन्या मुंबईकरांना विचारा, जुहूला ते विमान बघायला जाणाऱ्यांची आठवण अजून निघते.

सांगायचा मुद्दा हा, की दोन विमानतळ जवळ असले की घोटाळा वैमानिकाचाही होतो. मग आमच्या वहिनींच्या भाच्याला आपण कशाला बोल लावायचा?

आता या सगळ्याचा आपल्याशी, म्हणजे करंजाडे-पनवेल-उलव्याशी, काय संबंध ते बघू.

सांताक्रूझच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. फुलीसारख्या. त्यामुळे एकीवर विमान उतरत असताना दुसरीवर मोकळेपणाने उडवता येत नाही. दोन असून एकच असल्यासारखं. भोवती वस्ती इतकी दाट की एक इंच सरकायला जागा नाही. म्हणून दुसरा विमानतळ हवा, ही चर्चा नव्वदीच्या दशकापासून सुरू झाली. आधी रेवस-मांडव्याचं नाव पुढे होतं. अलिबागकडच्या मंडळींना ते चांगलं आठवत असेल. नंतर सिडकोने आपल्या इथली, उलवे-पनवेलमधली खाडीकाठची जागा पुढे केली.

पण इथे अंतराचा एक नियम आडवा येत होता. देशाच्या २००८ च्या धोरणानुसार, चालू असलेल्या विमानतळापासून दीडशे किलोमीटरच्या आत नवीन विमानतळ उभारायचा असेल तर त्याचा जुन्यावर काय परिणाम होईल हे बघून केंद्राने खास परवानगी द्यावी लागते. दीडशे! आणि आपला तर चोवीस किलोमीटरवर. शिवाय मुंबईचा विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला करारात एक हक्क दिला होता. दीडशे किलोमीटरच्या आत दुसरा विमानतळ निघाला तर त्या निविदेत तिला, तिची बोली ठराविक फरकाच्या आत असेल तर, पहिली पसंती. म्हणजे कागदावर किलोमीटरचा आकडा दिसतो साधा, पण त्याच्यामागे हजारो कोटींचे हिशेब असतात.

केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ मध्ये. पर्यावरणाची परवानगी नोव्हेंबर २०१० मध्ये. निविदा २०१७ मध्ये जीव्हीकेला. पायाभरणी १८ फेब्रुवारी २०१८ ला पंतप्रधानांच्या हस्ते. तेव्हा सांगितलं होतं की २०१९ च्या अखेरीस विमान उडेल. मी स्वतः ती बातमी लिहिली होती आणि मथळ्यात उद्गारचिन्ह दिलं होतं. २०२१ मध्ये प्रकल्प अदानी समूहाकडे आला. उद्घाटन झालं ८ ऑक्टोबर २०२५ ला आणि प्रवाशांचं पहिलं विमान आलं २५ डिसेंबर २०२५ ला, बेंगळुरूहून. तत्त्वतः मंजुरीपासून मोजलं तर अठरा वर्षं. सहार ते उलवे चोवीस किलोमीटर. वर्षाला दीड किलोमीटर पण पडत नाही. मुंगी लवकर आली असती.

हे झालं सरकारी अंतर. आता माणसांचं सांगतो.

विमानतळाची जागा ११६० हेक्टर. ही काही मोकळी पडलेली जमीन नव्हती. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवलीवाडा, वरचे ओवळे, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी अशी नांदती गावं होती. भातशेती होती, खाडी होती. भरती-ओहोटीच्या घड्याळावर चालणारी माणसं होती. चिंबोऱ्या, निवट्या, कालवं हे त्यांचं रोजचं जेवण आणि बाजारचा पैसासुद्धा. मध्ये उलव्याची टेकडी होती, नव्वद मीटरच्या आसपास उंच. ती सुरुंग लावून कापली. तिची माती-दगड खाडीच्या सखल भागात भराव म्हणून गेली. उलवे नदीचा प्रवाह वळवला. त्या दिवसांत दुपारी सुरुंगाचा भोंगा झाला की करंजाड्यातल्या काचा थरथरायच्या, हे इथे जुने राहणारे सगळे सांगतील.

गावं उठली आणि वडघर, करंजाडे, उलवे इथे आली. आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत एक आजी राहतात, मूळच्या चिंचपाड्याच्या. त्यांच्या जुन्या उंबऱ्यापासून आजच्या उंबऱ्यापर्यंत अंतर किती असेल? दोन-तीन किलोमीटर. चालत अर्धा-पाऊण तास. पण त्यांना हे अंतर पार करायला किती वर्षं लागली ते बघा. पहिली नोटीस, मोजणी, हरकती, मोर्चे, २०१३-१४ चं साडेबावीस टक्क्यांचं पॅकेज, मग घराची भिंत पाडणं, मग भाड्याच्या खोलीत दोन वर्षं, मग नवं बांधकाम. आजोबा त्या भाड्याच्या खोलीतच गेले. आजी एकदा विमानाकडे बघत मला म्हणाल्या, "आमचा घर त्या पट्टीखाली हाय." रडत नव्हत्या. पत्ता सांगावा तसं सांगत होत्या.

हे साडेबावीस टक्के आकाशातून पडलेले नाहीत. त्याच्या मागचं अंतर फार लांबचं आहे. १९७० मध्ये सिडको आली, पंच्याण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. मोबदला कवडीमोल. त्याविरुद्ध जासईचे दि. बा. पाटील उभे राहिले. पनवेलचे पाच वेळा आमदार, दोन वेळा खासदार. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-नवघर परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यातून पुढे विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व आलं. विमानतळाचे साडेबावीस टक्के त्याच वाटेने आले. दि. बा. २४ जून २०१३ ला गेले. विमान काही त्यांनी बघितलं नाही. २०२१ च्या जूनमध्ये त्यांच्या नावासाठी आपल्या लोकांनी आधी मानवी साखळी केली आणि मग सिडको भवनावर मोर्चा नेला. कोरोनाचा काळ होता, तरी रस्ता दिसत नव्हता एवढी माणसं. त्या गर्दीत वही-पेन घेऊन मी पण होतो. २०२२ मध्ये विधिमंडळाने त्यांच्या नावाचा ठराव केला.

पोरांनो, तुम्ही 'डीबी' म्हणता तेव्हा त्या दोन अक्षरांत एवढं सगळं आहे.

आता पुन्हा त्या चोवीस किलोमीटरवर येतो.

२९ डिसेंबर २०२४ ला चाचणीसाठी एक प्रवासी विमान, इंडिगोचं ए-३२०, मुंबईच्या विमानतळावरून उडालं आणि आपल्या धावपट्टीवर उतरलं. त्याआधी ११ ऑक्टोबर २०२४ ला हवाई दलाचं सी-२९५ उतरलं होतं, पण प्रवासी जातीचं विमान हे पहिलंच. म्हणजे सहार ते उलवे हा हवाई प्रवास खरोखर झालाय बरं का! पूर्ण वेगाने सरळ गेलं असतं तर हे अंतर कापायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. पण विमान असं रिक्षासारखं जात नाही. आधी वर चढायचं, वळसा घ्यायचा, धावपट्टीच्या रेषेत यायचं, मग उतरायचं. जवळच्या जागेला वळसाच जास्त पडतो. आकाशातही आणि खालीही.

त्या दिवशी मी गच्चीवर होतो. आमच्या मागच्या गल्लीतल्या आजी पण नातवाचा हात धरून वर आल्या होत्या. विमान उतरताना दिसलं तेव्हा खालच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. आजींनी नातवाला बोट करून दाखवलं. विमान नव्हे, त्याच्या खालची जागा. "तिथं आपला आंबा व्हता," असं काहीतरी म्हणाल्या. मी बातमी लिहिली पाचशे शब्दांची. त्यात धावपट्टीची लांबी होती, ३,७०० मीटर. विमानाचा प्रकार होता. मान्यवरांची नावं होती. तो आंबा नव्हता. पत्रकारितेच्या डिप्लोमात आम्हाला पाच 'क' शिकवले होते : कोण, काय, कुठे, कधी, का. 'कुठे' या प्रश्नाचं खरं उत्तर त्या दिवशी माझ्या शेजारी उभं होतं आणि मी ते लिहिलं नाही. ही चूक माझी. म्हणून आज लिहितोय.

आणि अंतराचं अजून एक उदाहरण देऊन हा इतिहास संपवतो. जे. आर. डी. नी कराची-मुंबईची तीच फेरी पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ ला, वयाच्या ७८ व्या वर्षी, तसल्याच जुन्या बनावटीच्या छोट्या विमानातून पुन्हा केली. मधल्या काळात फाळणी झाली होती, युद्धं झाली होती. कराची परदेशात गेली होती. तरी ते विमान कराचीहून उडालं आणि जुहूला उतरलं. एप्रिल २०२५ मध्ये मात्र दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापलं आकाश बंद केलं. आता कराचीहून मुंबईला यायचं तर आखाताला वळसा. दोरा तोच, ८८० किलोमीटरचा. १९३२ मध्ये बैलगाडीतून पेट्रोल आणून सव्वासात तासांत झालेला प्रवास ९३ वर्षांनी, जेटच्या जमान्यात, जास्त वेळ खातोय. सांगितलं ना, अंतर भूगोल ठरवतो, वेळ माणसं ठरवतात.

तेव्हा आता कामाचं बोलू. इतिहास वाचून भाच्याचं विमान काही परत येणार नाही, पण पुढच्याचं चुकू नये.

पहिली गोष्ट. तिकीट काढताना शहराचं नाव बघू नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोड बघा. जुना सहार-सांताक्रूझ म्हणजे बीओएम. आपला नवा म्हणजे एनएमआय. दोघांच्या समोर 'मुंबई' लिहिलेलं असू शकतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची, पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्या पोरांची तिकिटं तुम्ही स्वतः तपासा.

दुसरी. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढे जायचं असेल तर सरळ रेषेचे चोवीस विसरा. रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटर पडतात. पहाटे तासाभरात जाल, संध्याकाळी दोन-सव्वादोन तास धरून चाला. दोन वेगळी तिकिटं असतील तर मधला उशीर हा तुमचा उशीर, पहिली कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही. बॅगही तुम्हालाच काढून न्यावी लागते. मध्ये सहा-सात तास ठेवा, नाहीतर मुक्काम धरा. करंजाड्यात नातेवाईक कमी आहेत का आपले?

तिसरी, ही मागणी आहे. दोन विमानतळांना जोडणारी सुमारे पस्तीस किलोमीटरची मेट्रो ८ कागदावर आहे. ती कागदावरून रुळावर यायला पुन्हा अठरा वर्षं लागू नयेत. तोपर्यंत निदान दर अर्ध्या तासाला सहार ते उलवे थेट बस, सामान ठेवायच्या जागेसह, सुरू व्हायला हवी. आणि पनवेल स्टेशन, करंजाडे, उलवे इथून आपल्याच विमानतळावर जायला धड बस हवी. धावपट्टीवरच्या विमानाची चाकं आमच्या गच्चीवरून मोजता येतात, पण दारात जायला रिक्षावाला म्हणेल ती रक्कम मोजावी लागते. हे बरोबर नाही.

चौथी गोष्ट माझ्या मनातली आहे. विमानतळावर कलाकृती आहेत, कमळाच्या आकाराची वास्तू आहे, सगळं छान आहे. त्यात एक साधी भिंत असावी. त्यावर उठलेल्या प्रत्येक गावाचं नाव असावं, ते गाव आजच्या विमानतळात नेमकं कुठे होतं याचा नकाशा असावा. देऊळ कुठे, विहीर कुठे, वेस कुठे. बेंगळुरूहून आलेल्या माणसाला बॅगेची वाट बघताना कळू दे की तो कोणाच्या अंगणात उभा आहे. खर्च फार नाही. एका जाहिरातीच्या फलकाएवढी जागा.

तोवर आपण आपलं काम करू. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, ओवळे, वाघिवली, तरघर, कुठलंही गाव असो, तुमच्या घरात जुने फोटो असतील, सातबारा असतील, पाडण्याआधी मोबाईलवर काढलेले व्हिडिओ असतील, तर जपून ठेवा आणि मला दाखवा. फोटोच्या मागे गावाचं नाव आणि साल लिहा. आजी-आजोबांना बसवून विचारा, कुठे काय होतं. ही माणसं आणखी दहा वर्षांनी नसतील.

वहिनींच्या भाच्याला कंपनीने आठवड्याची मुदत दिली. नवं तिकीट काढून पोरगा गेला मस्कतला. तिकिटाचे पैसे वहिनींनी दिले, गळ्यातलं काही ठेवून की काय ते मी विचारलं नाही. जायच्या दिवशी मात्र मी स्वतः त्याला सकाळीच सहारला सोडून आलो. सात तास आधी! पोरगा म्हणाला, "काका, एवढ्या वेळात मी नागपूरला परत जाऊन आलो असतो."

म्हटलं, बाबा रे, बस तिथे निवांत. आम्ही करंजाडेकर वाट बघण्यात तरबेज आहोत.